कंपन्या मी आणल्या, केबिन दुसऱ्याला मिळाली

प्लेसमेंटमध्ये वरच्या पदापर्यंत जायचं तर काय करावं, असं नव्याने टीपीओ (ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर) झालेल्या मुली मला विचारतात. मी सांगते, पण आधी माझं काय झालं ते ऐका.

पुण्याजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी आले तेव्हा कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बहुतेक आयटीच्याच. मेकॅनिकलची मुलंसुद्धा नाइलाजाने कोडिंगच्या परीक्षा द्यायची. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या गेटवर पास काढून मी बसत गेले. प्लांट हेडपेक्षा लाइनवरच्या मॅनेजरशी बोलले, कारण पोरगा कामाचा आहे की नाही हे त्यालाच कळतं. सुरुवात दोन-तीन मुलांपासून झाली. २०२३ मध्ये आयटीची भरती आटली, ऑफर लेटर हातात असलेल्या मुलांचं जॉइनिंग लांबत गेलं, तेव्हा आमची पोरं याच कारखान्यांनी घेतली.

पुढे कॉलेजचं विद्यापीठ झालं आणि 'संचालक, कॉर्पोरेट रिलेशन्स' हे पद निघालं. 'मॅडम, ही खुर्ची तुमचीच,' असं चेअरमनसाहेब चारचौघांत म्हणाले होते. आले मात्र एका मोठ्या कंपनीच्या एचआरमधून निवृत्त झालेले गृहस्थ. 'इंडस्ट्रीतला चेहरा हवा होता,' एवढंच मला सांगण्यात आलं.

तेही मी गिळलं असतं. मग चाकणच्या एका एचआर मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सोडलंत का? नव्या सरांची मेल आलीय, पण आतलं सगळं तुमचं दिसतंय." मेलला जोडलेली एक्सेल शीट माझी होती. शेवटच्या रकान्यातल्या माझ्या नोंदी जशाच्या तशा: 'मंगळवारी फोन नको, ऑडिट असतं', 'मुलींना फर्स्ट शिफ्ट मिळेल का ते आधी विचारणे'. वर नाव तेवढं बदललेलं. आणि ती शीट सगळ्या कंपन्यांना एकदम गेली होती! कोणत्या कंपनीने किती पगार दिला, हे प्रत्येकीला दुसरीचं कळलं. एकेकाला फोन करून माफी मी मागितली. नव्या साहेबांनी एक फोन केला नाही. खुर्ची गेल्याचं दुःख होतंच, पण त्या दिवशी मला कळलं की या लोकांच्या लेखी माझं काम म्हणजे फक्त एक यादी होती.

तेव्हा तोंडी शब्दावर एक दिवसही काढू नका. पद, पगार, बजेट आणि तुम्ही कुलगुरूंना रिपोर्ट करणार की एखाद्या डीनला, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या. डीनच्या हाताखालच्या माणसाला कंपन्या निर्णय घेणारा समजत नाहीत. प्रत्येक सामंजस्य करारात संस्थेतर्फे समन्वयक म्हणून स्वतःचं नाव घाला. एमबीए नसेल तर करून टाका, निवड समितीचा पहिला प्रश्न तोच असतो. इंग्रजी बोलायची सवय ठेवा, लोकांशी जोडून राहा, हे तर आहेच.

कोअर कंपन्या दार उघडत नसतील तर अॅप्रेंटिसशिपने सुरुवात करा. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर इंजिनिअरही आले. एनएटीएस या केंद्राच्या अॅप्रेंटिसशिप योजनेत किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार उचलतं. कंपनीला मुलगा वर्षभर पारखता येतो. मला सगळ्यात जास्त याचाच उपयोग झाला.

आकड्यांच्या बाबतीत तर अजिबात वाकू नका. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या अर्जात नोकरी लागलेल्या मुलांची संख्या आणि मीडियन पगार द्यावा लागतो. एका मुलाच्या तीन ऑफर या तीन प्लेसमेंट नव्हेत, आणि दोन वर्षं टिकल्यावरच मिळणारा बोनस हा पहिल्या वर्षाचा पगार नव्हे. जुन्या संस्थेतल्या त्या नव्या साहेबांना दोन्ही हवं होतं. मी सही केली नाही. प्रत्येक आकड्यामागे ऑफर लेटरची प्रत ठेवा. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने प्लेसमेंट अहवालाचे निकष तयार झालेत, ते बी-स्कूलसाठी असले तरी नमुना म्हणून तोच घ्या.

आता मी दुसऱ्या संस्थेत संचालक आहे, आणि वर सांगितलेलं सगळं माझ्या नेमणूकपत्रात आहे. जुन्या संस्थेच्या होर्डिंगवर अजून त्याच कारखान्यांचे लोगो झळकतात. त्यातले काही जण तिथे जायचे थांबलेत. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच फोन करून सांगितलं.