बालकांचे संगणकीय खेळ आणि मराठी अंक

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेजारी तालुके. दोहोंच्या सीमेवरून भीमा वाहते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे शिरूर तालुक्यात परप्रांतीय कुटुंबे स्थायिक झाली आहेत, तर दौंडच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात मराठवाड्यातून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. अशा भागातील अंगणवाडीत व पहिली-दुसरीच्या वर्गात घरची भाषा, बोली व पूर्वतयारी निरनिराळी असलेली बालके एकत्र बसतात. त्यांच्यासाठी संगणकावरील शैक्षणिक खेळ घ्यावेत काय, हा प्रश्न आज अनेक ग्रामपंचायतींपुढे आहे. एका साध्या उदाहरणाने त्याचा विचार करू.

तेवीस की बत्तीस?

मराठीत आपण 'तेवीस' म्हणतो. कानावर आधी तीन पडतात, मग वीस; लिहिताना मात्र २ आधी येतो. त्यामुळे पुष्कळ मुले तेवीस ऐकून ३२ लिहितात. हा मंदबुद्धीचा दोष नव्हे. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याचा तो परिणाम होय. पुढे २९ ला आपण 'एकोणतीस' म्हणतो; या नावात ना दोन ऐकू येतात, ना नऊ. नव्याण्णवपाशी तर 'एकोण'चा नियमही मोडतो. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणितात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर वाद झाला. अडचण किती खरी आहे, हे त्यावरून दिसून येते.

इंग्रजीत वीसच्या पुढील संख्यांची नावे लिहिण्याच्या क्रमानेच येतात. त्यामुळे इंग्रजीवरून जसाच्या तसा उचललेला खेळ या अडचणीला हातच घालत नाही. मराठी बालकासाठी रचलेला खेळ वेगळा असावा लागतो. पडद्यावर दहा-दहा काड्यांच्या जुड्या व सुट्या काड्या असाव्यात. मुलाने दोन जुड्या व तीन काड्या ओढल्या की 'वीस आणि तीन, तेवीस' असा आवाज यावा. ३२ लिहिल्यास नुसती फुली न दाखवता तीन जुड्या व दोन काड्या शेजारी मांडाव्यात. चूक मुलाला आपोआप उमगेल. तीन जुड्यांतून एक काडी काढली की 'एकोणतीस'चा अर्थही उलगडतो.

आधी हात, मग पडदा

तथापि पडद्यावरील काडीला वजन नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो प्रत्यक्ष कामातून शिक्षण या तत्त्वावर. ते शिक्षण मोठ्या मुलांचे असले तरी तत्त्व बालवर्गालाही लागू पडते. प्रथम ज्वारीच्या ताटांचे तुकडे किंवा चिंचोके मोजावेत, जुड्या बांधाव्यात आणि नंतरच संगणकाकडे वळावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार २ ते ४ वर्षांच्या बालकांनी पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. कमी असल्यास उत्तमच. घरातील मोबाइलचा वेळही त्यात धरावयास हवा.

खरेदीपूर्वी चार प्रश्न

निधी खर्च करण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. खेळातील मराठी स्पष्ट आहे काय, आणि ती या गावच्या मुलाला कळते काय?
२. चुकीच्या उत्तरानंतर मुलाला कारण समजते, की केवळ आवाज ऐकू येतो?
३. इंटरनेट बंद असताना खेळ चालतो काय? त्यात जाहिराती तर नाहीत ना?
४. खेळताना बालकाशेजारी बसून बोलणारे कोणी आहे काय?

यांतील चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तिसरीअखेर प्रत्येक बालकास अर्थासह वाचता यावे व पायाभूत अंकज्ञान असावे, असे उद्दिष्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने ठेवले. हंगाम संपताच गाव सोडणाऱ्या ऊसतोडणी मजुराच्या मुलास शाळेचे काही महिनेच लाभतात. त्या अल्पावधीत त्याला २३ आणि ३२ यांतील भेद कळला, तर यंत्रावरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल. अन्यथा काड्यांची एक जुडी व जवळ बसलेल्या अंगणवाडी ताई हेच साधन अधिक मोलाचे होय.