पूर येण्याआधीची तयारी

आपलं गाव पंचगंगेच्या काठी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती मिळून पंचगंगा होते. ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. वरती धरणाकडे पाऊस चालू असला, तर आपल्याकडे ऊन पडूनही पूर चढतो.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते.

आमची आजी म्हणते, "पाणी पायरीला लागू दे, मग बघू." पण पाणी आधी ओढ्यातून मागनं येते आणि रस्ता बुडतो. पायरी कोरडी, पण जायचं कुठनं? आजीला तर भरभर चालवत नाही. म्हणून इशारा मिळताच निघावे.

तयारी अशी करावी :
१) रेशनकार्ड, सातबारा, औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावीत.
२) जनावरे आधीच उंचावर न्यावीत.
३) निघताना विजेचे मेन बटन बंद करावे.
४) वाहत्या पाण्यात उतरू नये.
५) पूर ओसरल्यावर सापकिरडू बघून घरात शिरावे. पाणी उकळून प्यावे.

मी ३९ आणि ४३ हे आकडे आमच्या भिंतीवर खडूने लिहिलेत. आता पावसाळ्यात आजीच विचारते, "आज किती फूट रं?"

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी