जांभळे की गुलाबी?



नागऱ्याच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकातून नेमके दिसते तरी काय, असे आपल्यापैकी पुष्कळजण विचारतात. म्हणून हा लहानसा पाठ.

1884 साली हान्स क्रिस्टियान ग्रॅम हे डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्युमोनियाने दगावलेल्यांची फुप्फुसे तपासत होते. तेव्हा त्यांना ही रीत सापडली. काचपट्टीवर नमुना पातळ पसरून वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. मग जांभळा रंग, त्यावर आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे आणि शेवटी गुलाबी सॅफ्रॅनिन. (ही शेवटची पायरी इतरांनी नंतर जोडली.) ज्या जंतूंची भिंत जाड, ते जांभळा रंग सोडत नाहीत. पातळ भिंतीचे तो सोडतात आणि गुलाबी होतात.

मग आकार पाहायचा. जांभळे गोल दाणे द्राक्षाच्या घडासारखे असले, तर स्टॅफिलोकॉकस. गळवाच्या पुवात हेच बहुधा सापडतात. माळेसारखे असले, तर स्ट्रेप्टोकॉकस. लघवीत गुलाबी काड्या दिसल्या, तर बहुधा ई. कोलाय. हा अंदाजच, खात्री कल्चरने होते आणि त्याला दोनेक दिवस लागतात. क्षयाचे जंतू मात्र या रंगात नीट दिसत नाहीत. त्यांचे आवरण मेणासारखे असते, त्यांच्यासाठी झील-नील्सनची वेगळी रीत आहे.

आता माझी चूक सांगते. सिकलसेलचा एक तरुण तापाने फणफणलेला आला. छातीत दुखत होते. त्याची आई म्हणाली, “बाई, लवकर पाहा जी.” पहिल्यांदा त्याने नुसती थुंकी दिली. सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या पेशीच पेशी, पू नाहीच. तो नमुना टाकून दिला. चूळ भरायला लावली आणि म्हटले, “थुंकी नको दादा, छातीतला बेडका पाहिजे.” बेडका गंजाच्या रंगाचा निघाला.

तेवढ्यात वीज गेली. टॉर्च शोधण्याच्या नादात अल्कोहोल काचपट्टीवर जास्त वेळ राहिले. वीज आल्यावर पाहते तो जोडीजोडीने दाणे, पण गुलाबी! तसाच अहवाल लिहायला घेतला होता. सोबत रंगवलेल्या ओळखीच्या स्टॅफिलोकॉकसच्या काचपट्टीकडे सहज नजर गेली. तीही गुलाबी. म्हणजे दोष जंतूंचा नव्हे, माझ्या हाताचा. अहवाल तसाच गेला असता, तर औषधाचा विचार भलतीकडे वळला असता.

उरलेल्या बेडक्याची नवी काचपट्टी केली. या वेळी जांभळ्या जोड्या, टोके भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, भोवती फिकट वलय. न्युमोकॉकस. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे हा जंतू अशा रुग्णांचा जीव पाहता पाहता घेतो. डॉक्टरांनी थांबून न राहता इंजेक्शन सुरू केले आणि कल्चरचा नमुना सोबत देऊन त्याला गोंदियाला पाठवले.

तो बरा होऊन परतला. त्या दिवसापासून ओळखीची काचपट्टी मी आधी पाहते, रुग्णाची नंतर.