प्रकल्पाची वही रोज का लिहायची?

प्रश्न : आम्ही जालन्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. मोसंबीच्या झाडाजवळची माती सुकली की दिव्याचा रंग बदलेल, असं यंत्र प्रकल्पासाठी करतोय. सर म्हणतात, रोजच्या रोज लिहून ठेवा. यंत्र चालू झाल्यावर एकदाच अहवाल लिहिला तर काय बिघडतं?

उत्तर : यंत्र एकदा चालू झालं की आधी ते का चालत नव्हतं, हेच विसरायला होतं. आणि शिकण्यासारखं असतं ते तिथेच.

तुमचंच यंत्र घ्या. तुमच्याकडची काळी माती सुकताना आकसते, तिला भेगा पडतात. माती सेन्सरच्या पायांपासून सुटते आणि आकडा एकदम उडी मारतो. मुलं मात्र कोड तपासत बसतात. दुसरा घोटाळा सेन्सरचाच. उघड्या धातूच्या दोन पायांचा स्वस्त सेन्सर ओल्या मातीत सतत चालू ठेवला, की विजेमुळे तो धातू झिजतो. मग ओल तेवढीच असली तरी आकडा हळूहळू सरकत जातो. अर्डुइनो उनो हा बोर्ड वापरत असाल तर त्यावर सेन्सरचा ० ते १०२३ मधला आकडा दिसतो. तो, तारीख, वेळ आणि झाडाला पाणी कधी दिलं, एवढं रोज वहीत असेल तर एकाएकी आलेला दोष आणि सावकाश वाढलेला दोष वेगळे ओळखता येतात. नुसत्या आठवणीवर ते जमत नाही.

नोंदींची ही शिस्त इतरत्रही पाळली जाते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ही एक. अशा लॅबमधून चालणाऱ्या फॅब अकादमीच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याचं काम, फसलेल्या प्रयत्नांसकट, लिहून सर्वांसाठी खुलं ठेवावं लागतं आणि मूल्यमापन त्या नोंदींवरच होतं. मला ही पद्धत मनापासून पटते. एकाची चूक दुसऱ्या देशातल्या विद्यार्थ्याचे कष्ट वाचवते.

मराठीतच लिहा, मोडकंतोडकं चालेल. कोड बदललात तर जुनी फाइल पुसू नका, तारीख घालून नवी करा. बागवान यंत्र पाहून काय म्हणाला, तेही त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. आणि ब्रेडबोर्डवरच्या तारा काढण्याआधी, कुठली तार कुठे गेली आहे ते स्पष्ट दिसेल असा फोटो काढा. हे काम आजच करा.