टोळीतली पोरं कुणी सांभाळायची?



न्हावा-शेवा बंदराचं नाव आपल्याला नवं नाही. निर्यातीची साखर तिथूनही जहाजात चढते. 1989 साली सुरू झालेलं हे बंदर रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात चिरनेरच्या बाजूला कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात जे हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी हे एक होते.

रायगडातली कित्येक कातकरी कुटुंबं भातकापणी उरकली की वीटभट्टीवर जातात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघं राबतात आणि पावसाच्या तोंडाला घरी परततात. पोरं बरोबर जातात, शाळा वाडीतच राहते. आपल्या फडात येणाऱ्या टोळ्यांचं याहून वेगळं काय आहे? पहाटे आई कोयता घेऊन निघते. लहानगं पाचटावर निजवते. मोळी बांधताना तिचं निम्मं ध्यान पोराकडं असतं, कारण बाजूनंच बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर वळत असतो. थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्याला राखते.

यावर सेवाभावी संस्थांनी वाट काढलेली आहे. ती समजून घेऊ.

दिल्लीत 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मजुरांची मुलं धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी कामावरच तंबूत पाळणाघर उघडलं. त्यातून 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. पुढं मुंबईतल्या बांधकामांवरही हे काम सुरू झालं. काम जिथं, पाळणाघर तिथं. अंगावर पिणाऱ्या मुलाची आई मधेच येऊन त्याला पाजू शकते. पोषण, लसीकरण, मुलांचं आजारपण यांविषयी आई-बापांशीही बोलणं होतं.

आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला हेच तत्त्व चालवलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. नंतर ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर विधायक संसदेनं भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) जनार्थ संस्थेनं साखरशाळा चालवल्या.

आता आपण काय करायचं?

1. टोळ्यांच्या तळावर कोप्या पडतील त्याच दिवशी सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करावी.
2. तळावर एक सावलीची, कोरडी जागा, पिण्याचं पाणी आणि पाळणे यांची सोय करावी.
3. टोळीतलीच एखादी बाई मुलं राखायला नेमावी. तिची मजुरी बुडू नये, ती आपण द्यावी.
4. पाळणाघर पहाटे, टोळी निघायच्या आधी उघडावं. दहा वाजता उघडून उपयोग नाही.
5. अंगणवाडीसेविका व आरोग्यसेविका यांना तळाचा पत्ता कळवावा, शाळेच्या वयाची पोरं जवळच्या शाळेत घालावीत.

कुणी म्हणेल, टोळी मुकादमाची, आपला काय संबंध? पण ऊस आपला आणि फडही आपलाच. गव्हाणीत पडणारी मोळी त्याच आईनं बांधलेली असते. संस्थेला दरवर्षी देणगी मिळेलच असं नाही, हंगाम मात्र दरवर्षी येतो. म्हणून हा खर्च तोडणी-वाहतुकीच्या हिशेबातच धरावा. येत्या वार्षिक सभेत हा विषय आपण सभासदांनीच मांडावा, ही विनंती.