मेंदू म्हणजे तारघर नव्हे

मानसशास्त्राच्या तासाला संवेदनाचा पाठ घेताना मी फळ्यावर तीन चौकोन काढीत असे : ज्ञानेंद्रिय, मज्जातंतू, मेंदू. म्हणजे प्रेषक, तार आणि ग्राहक. या आकृतीवर माझे पुष्कळ दिवस समाधान होते. एके दिवशी वर्गानेच ती मोडली.

प्रथम आकृतीमागचा विचार पाहू. 1948 साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने माहितीचे माप दिले. नाणे उडवले की छाप किंवा काटा. सारखीच शक्यता असलेल्या दोन पर्यायांतून एक निश्चित झाला की एक बिट माहिती मिळाली. संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याला कर्तव्य नाही, हे शॅननने आरंभीच स्पष्ट केले होते. पुढे हेच माप मेंदूला लावण्यात आले. ज्ञानेंद्रिये संदेशातील पुनरुक्ती गाळून तो आटोपशीर करतात, असे होरेस बार्लो यांनी 1961 साली मांडले. यात तथ्य आहे. एका डोळ्यात सुमारे 12 कोटी प्रकाशग्राही पेशी असतात, पण मेंदूकडे जाणारे तंतू सुमारे 10 लाखच. काटछाट अटळ आहे.

आता तो प्रसंग. आपल्या हैदराबादेत एकाच बाकावर मराठी, कन्नड आणि तेलुगू मुले बसतात. मी 'माडी' एवढाच शब्द उच्चारला व अर्थ विचारला. मराठी मुलगी म्हणाली, 'घराचा वरचा मजला.' कन्नड मुलगा म्हणाला, 'करा.' तेलुगू मुलीला त्यात 'करपून' ऐकू आले. मागच्या बाकावरून कोणी तरी 'ताडी-माडी' म्हणाले आणि वर्ग हसला.

ध्वनी एकच, कानही सारखेच. मग फरक कोठे पडला? माहिती-सिद्धांताचे पुरस्कर्ते म्हणतील, प्रत्येकाची पर्यायांची यादी निराळी. मान्य! पण माझा आक्षेप नेमका हाच आहे. यादी आधी ठरल्याशिवाय बिट मोजताच येत नाहीत. तारेच्या बाबतीत ती अभियंता ठरवतो. मेंदूला ती घरी, अंगणात, बाजारात वावरून स्वतःच घडवावी लागते. संवेदनाचे सर्वांत अवघड काम उरकल्यावर हा सिद्धांत मोजायला बसतो.

शिवाय आटोपशीरपणा हेच ध्येय असते, तर त्या 10 लाख तंतूंच्या संदेशासाठी मेंदूत कोट्यवधी पेशी कशाला? खुद्द बार्लो यांनीही 2001 साली आपल्या मताला मुरड घातली : पुनरुक्ती ही केवळ गाळून टाकायची वस्तू नव्हे, भोवतालच्या जगाची घडण तिच्यातूनच उमगते.

माप टाकाऊ नाही. तराजूने आंब्याचे वजन कळते, गोडी कळत नाही, एवढेच.

एखाद्या विद्यार्थ्याला समजले नाही, की तारेत खरखर आहे असे मानून मी तेच वाक्य मोठ्याने पुन्हा सांगत असे. आता मी आधी विचारतो, 'तुला काय ऐकू आले?'