पाहुण्यांना आमंत्रण

(एखादे राज्य स्वतःची जाहिरात का करते आणि ती जाहिरात आपण कशी वाचावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'आमच्या राज्यात या' अशी जाहिरात तुम्ही वर्तमानपत्रात किंवा टीव्हीवर पाहिली असेल. साबणाची जाहिरात कारखानदार करतो. मग राज्य स्वतःची जाहिरात का करते?

गुजरातचे उदाहरण घेऊ या. २०१० साली गुजरातने 'खुशबू गुजरात की' ही मोहीम सुरू केली. प्रसिद्ध अभिनेते अमिताभ बच्चन यांनी त्या जाहिरातींत गीरचे सिंह आणि कच्छचे पांढरे रण दाखवले. ते म्हणत, "कुछ दिन तो गुजारो गुजरात में." तुम्हांला उर्दू येते, म्हणून 'गुजारो' आणि 'गुजरात' या शब्दांतील गंमत लगेच कळेल.

आता एक गोष्ट पाहा. जाहिरात गुजरातची, पण भाषा हिंदी! कारण हे बोलणे इतर राज्यांतील लोकांशी होते. भाषा पाहिली, की जाहिरात कोणासाठी आहे ते समजते.

पाहुणे आले, की गाडीवाला, वाटाड्या, खानावळवाला अशा अनेकांना काम मिळते. कच्छमध्ये बांधणी आणि अजरख हे सुंदर कापड तयार होते. पाहुण्याने ते विकत घेतले, तर कारागिराच्या घरी पैसा येतो. म्हणून राज्य जाहिरातीवर खर्च करते.

पण जाहिरात सगळेच सांगत नाही. कच्छच्या रणात पावसाळ्यात पाणी साचते. ते आटल्यावर, हिवाळ्यात मिठाचा पांढरा थर दिसतो. मे महिन्याच्या सुट्टीत तेथे कडक ऊन असते. गीरच्या जंगलातील सफारी साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते. इतर दिवसांतही सिंह दिसेलच, असे नाही. सिंह काही वेळ ठरवून भेटायला येत नाही!

घरची माणसे वर्षभर पैसे साठवून प्रवासाला निघतात. चौकशी न करता गेले, तर पैसे जातात आणि मुले हिरमुसतात. म्हणून जाहिरात पाहून आनंद जरूर घ्या. पण निघण्यापूर्वी विचारा : केव्हा जावे? खर्च किती येईल? तेथील नियम कोणते? आणि तेथे गेल्यावर चांगल्या पाहुण्यासारखे वागा. कचरा टाकू नका, प्राण्यांना त्रास देऊ नका.

जाहिरात हे आमंत्रण आहे. आमंत्रण आनंदाने घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून.

शब्दार्थ
मोहीम – ठरवून केलेले मोठे काम
वाटाड्या – वाट दाखवणारा
आटणे – पाणी कमी होऊन सुकणे
हिरमुसणे – नाराज होणे

स्वाध्याय
१. गुजरातची जाहिरात हिंदीत का होती?
२. पाहुणे आल्याने कोणाकोणाला काम मिळते?
३. कच्छचे रण पांढरे केव्हा दिसते?
४. दुसऱ्या राज्यातील मित्राला आपले गाव पाहायला बोलवा. चार ओळींची जाहिरात लिहा. केव्हा यावे, हेही खरे खरे सांगा.